‘मेंदूतलं केमिकल नक्की किती कमी आहे, डॉक्टर?’

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवण्याचं वर्कशॉप, चालवणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. ‘एडीएचडी वाटतोय, दाखवून घ्या,’ असं शाळेनं सांगितलं. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि वळवळ आवरणं जड जाणं. एका ठिकाणी ‘ब्रेन मॅपिंग’ केलं. तिथं रंगीत रिपोर्ट हातात दिला, ‘पुढच्या भागातल्या लहरी मंद आहेत’ असं सांगितलं आणि चाळीस बैठकांचं पॅकेज पुढं ठेवलं. मेहुणा दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेतोय, ‘केमिकल इम्बॅलन्स’ म्हणून. आता त्यानं मोबाइलवर वाचलं की ती थिअरीच खोटी निघाली, म्हणून गोळ्या सोडायच्या म्हणतो. आजोबांचं वेगळंच: पोरगं लाडानं बिघडलंय, तालमीत घाला. ‘खरं कोण बोलतंय? आणि हे दोन्ही एकाच बिघाडाचे प्रकार आहेत का?’

आधी मेहुण्यांना फोन करा. गोळ्या आज बंद करू नका म्हणावं. का, ते पुढं येईलच.

आता थोडं माझ्याबद्दल सांगते, कारण या घोळात माझाही हात आहे. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत मनोविकारांचा दवाखाना सुरू केला तेव्हा औषध कंपनीचं एक पॅड कायम टेबलावर असायचं. नवा पेशंट आला की त्यावर मी मेंदूतल्या दोन पेशी काढायचे, मध्ये फट, फटीत एकीचा निरोप दुसरीला नेणाऱ्या रसायनाचे चार-पाच ठिपके. ‘हे सिरोटोनिन. तुमच्यात कमी पडलंय. गोळीनं भरून निघेल.’ लोकांना पटायचं. ‘मनानं कमकुवत’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘केमिकल कमी’ हे बरं वाटायचं. शुगर, बीपी असतं तसं. नातेवाइकांचं टोमणे मारणंही थोडं थांबायचं. म्हणून मी ते चित्र काढतच राहिले.

एकदा कागलकडच्या एक बाई आल्या होत्या. भांगलायला जाणाऱ्या, शाळा फारशी न पाहिलेल्या. चित्र नीट निरखून म्हणाल्या, ‘मग रगात तपासून बघा की, नक्की किती कमी हाय. शुगरचं बघतात तसं.’

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तशी तपासणी नव्हती. आजही नाही. रक्तातलं सिरोटोनिन मोजता येतं, पण शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन आतड्यात तयार होतं. रक्तातल्या आकड्यावरून मेंदूत काय चाललंय ते कळत नाही. त्या बाईंनी दोन मिनिटांत जो प्रश्न विचारला, तो मी एमडी होईपर्यंत कुणाला विचारला नव्हता.

ही ‘केमिकल’ची गोष्ट आली कुठून? औषधं आधी सापडली आणि कारण मागून जुळवलं गेलं. सुरुवात तर आपल्याकडचीच आहे. सर्पगंधाची मुळी आपले वैद्य शतकानुशतकं वापरत होते. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा लेख ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. पुढं दिसलं की ते घेणारे काही रुग्ण उदास होतात, आणि ते मेंदूतल्या सिरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन अशा निरोप नेणाऱ्या रसायनांचे साठे रिकामे करतं.

त्याच १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीसाठी इप्रोनियाझिड देत होते, तर खंगलेले रुग्ण हसायला, नाचायला लागले. हे औषध त्याच रसायनांचं विघटन थांबवतं. एकानं रसायन घटलं आणि माणूस खचला, दुसऱ्यानं वाढलं आणि माणूस उठला. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ शिल्डक्रॉट यांनी हे धागे एकत्र विणले. त्यांचा भर नॉरअॅड्रेनालिनवर होता, सिरोटोनिन नंतर पुढं आलं. हे फार सोपं करून मांडलेलं आहे, असं त्यांनी स्वतःच त्यात नमूद केलं होतं. मग १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या सिरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्याच्या गोळीला परवानगी मिळाली, आणि संशोधकाच्या अंदाजाची जाहिरात झाली. त्या जाहिरातीचा कोल्हापुरातला हस्तलिखित अवतार म्हणजे माझं पॅड.

त्यातली भेग आम्हाला पहिल्यापासून दिसत होती. गोळी घेतल्यावर सिरोटोनिन काही तासांत वाढतं, पण माणसाला बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात. टाकी भरल्याबरोबर नळाला पाणी यायला हवं होतं. ते का येत नाही? २०२२ मध्ये ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरची संशोधनं एकत्र तपासली आणि लिहिलं की नैराश्यात सिरोटोनिन कमी असतं याला सातत्यानं टिकणारा पुरावा नाही. मेहुण्यांनी वाचलं ते हेच असणार. माझ्या व्यवसायातल्या बऱ्याच जणांनी ‘यात नवीन काय’ म्हणून खांदे उडवले. मला ते आवडलं नाही. नवीन नव्हतं, तर पेशंटला इतकी वर्षं तेच का सांगत होतो?

पण ‘कारण चुकीचं निघालं’ आणि ‘औषध निरुपयोगी निघालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मेहुण्यांची गल्लत इथं झाली. वरातीत एरवीचा लाजाळू माणूस दोन पेग पोटात गेल्यावर बेंजोच्या पुढं नाचतो. म्हणून लाजणं म्हणजे रक्तात दारू कमी असणं नव्हे. दारूनं फरक पडला हे खरं, कारणाचा निष्कर्ष मात्र चूक. नैराश्याच्या औषधांचं तसंच आहे. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. सगळी औषधं, आत औषधच नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीनं माफकच होता. माझा अनुभव असा की सौम्य उदासीत गोळीची गरज पुष्कळदा नसते; पण ज्याचं खाणं-झोप गेलीय, जो भिंतीकडं तोंड करून पडलाय, त्याला ती उठवून बसवते, आणि बसल्यावर बाकीचं बोलता येतं.

दोन वर्षं घेतलेली गोळी एकदम सोडली तर गरगरतं, झोप उडते, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटतं, जीव कासावीस होतो. लोकांना वाटतं आजार उलटला. कधी तो आजार असतो, कधी नुसता गोळी सुटल्याचा त्रास. म्हणून ती कमी करायची तर डॉक्टरांना सांगून, आठवड्यांच्या-महिन्यांच्या पायऱ्यांनी. गोळी बंद करायची इच्छा गैर नाही. मेहुण्यांनी ती लपवू नये, एवढंच.

मग नैराश्यात मेंदूचं होतं तरी काय? तुम्ही पॅटर्न बनवता, तुम्हाला हे लवकर कळेल. ओतलेल्या जॉबला ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून पडलेलं भोक, आलं म्हणून फाउंड्रीवाला तुमच्याकडं तक्रार घेऊन येतो. भोक एकच दिसतं. पण वाळूत ओल जास्त होती, गॅस निघायला वाट नव्हती, की कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट भाजला नव्हता, हे भोकाकडं नुसतं बघून सांगता येत नाही. ‘नैराश्य’ हे ब्लो होलसारखं दोषाचं नाव आहे, कारणाचं नाही. एकाच्यात थायरॉइड निघतं, एकीच्यात बाळंतपणानंतरची उलथापालथ. काहींच्या घराण्यातच असतं. काहींच्यात लांबलेल्या ताणामुळं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं आणि आठवणींशी संबंधित असलेल्या हिपोकॅम्पस या भागावर त्याचा परिणाम होतो. पेशींच्या जोडण्या नव्यानं फुटण्याची मेंदूची ताकद ताणात मंदावते आणि औषधानं, व्यायामानं, बोलण्याच्या उपचारानं ती हळूहळू परत येते, हा सध्याच्या विचारांतला मला सर्वांत पटणारा विचार आहे. त्या दोन ते चार आठवड्यांचं कोडंही त्यानं थोडं सुटतं. पण सगळ्यांना लागू पडणारं एकच कारण सांगणारा डॉक्टर भेटला तर जरा सावध राहा.

‘मेंदूचं आहे की परिस्थितीचं’ हा वादही मला फारसा कळत नाही. २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ भागातून माणसं यायची. पाणी ओसरून कित्येक महिने झालेले, घर धुऊन रंगवलेलं, आणि पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की छाती धडधडायची, झोप नाही. पूर बाहेर आला होता. धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला भाग त्यानं जागा केला तो पुन्हा निजलाच नाही. हे मेंदूचं म्हणायचं की पंचगंगेचं?

आता पोराकडं येऊ. तुमच्या हातातला रंगीत रिपोर्ट आणि माझं ठिपक्यांचं चित्र एकाच जातीचं आहे. डोक्याला तारा लावून मेंदूची विद्युत लहर टिपणं, म्हणजे ईईजी, ही खरी तपासणी आहे. ‘मॅपिंग’मध्ये त्याच लहरींची आकडेमोड करून रंग भरतात. लक्ष न लागणाऱ्या काही मुलांत मंद लहरींचं प्रमाण जास्त असतं असं आधी दिसलं होतं, पण पुढच्या अभ्यासांत तो फरक एका मुलाचं निदान करण्याइतका टिकला नाही. मूल पेंगुळलेलं असलं, कंटाळलं, हललं, तरी रंग बदलतात. एडीएचडीचं निदान करणारा स्कॅन नाही, रक्ताची तपासणी नाही, बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या टेस्टचं तर नावच काढू नका. पॅकेजचे पैसे भरले नसतील तर भरू नका.

पण ईईजी मी कधीच सांगत नाही असं समजू नका. एक सात वर्षांची मुलगी आठवते. बाईंची तक्रार: वर्गात लक्ष नाही, हाक मारली तरी ओ देत नाही. घरी ‘तंद्रीखोर’ म्हणून नाव पडलेलं. माझ्यासमोर बोलता बोलता ती मध्येच थांबली, डोळे स्थिर, पापण्या किंचित थरथरल्या, आणि आठ-दहा सेकंदांनी वाक्य सोडलं तिथूनच पुढं सुरू. तिला मी जोरजोरात श्वास घ्यायला लावला, तर तेच पुन्हा झालं. ती फिट होती, अॅब्सन्स नावाची. ईईजीत सेकंदाला तीन अशा टोकदार लहरी स्पष्ट आल्या. मेंदुविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं आणि ‘लक्ष’ परत आलं. दिवसातून कित्येक वेळा पोरगी क्षणभर जगातून गायब होत होती आणि आपण तिला धपाटे घालत होतो. तुमच्या मुलाला असं थिजणं होतं का, बघा. तो घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? फळा दिसतो का? कान? हिमोग्लोबिन? झोप पुरी नसलेलं पोर दिवसा पेंगतंच असं नाही, पुष्कळदा उलट उड्या मारतं.

हे सगळं बघूनही एडीएचडीच ठरला, तर मग मेंदूत काय? लोक म्हणतात, लक्ष कमी आहे. तसं नाही. मोबाइलवर गेम दोन तास चालतो, खासबागेत कुस्ती लागली की पापणी लवत नाही, आणि पाढ्यांना बसला की तीन मिनिटांत पाणी प्यायला उठतो. आजोबांना हाच ढोंगाचा पुरावा वाटतो. मला निदानाकडं नेणारी खूण वाटते.

आजोबांनी उसाला पाणी पाजलं असेल तर त्यांना असं सांगा. रात्रीची लाइट आलीय, पाट भरून वाहतोय. सरी भिजली की दार लावायचं, पुढचं मोडायचं. पाण्याला कमी नाही. पण दारं धरणारा बांधावर डुलक्या घेत असेल तर एक सरी तुंबते आणि पलीकडची चार कोरडी राहतात. गेमची सरी तुंबलीय, पाढ्यांची कोरडी. कपाळामागचा मेंदूचा भाग हा दारं धरणारा. ‘आत्ता हे थांबव, ते धर, मघाशी सांगितलेलं ध्यानात ठेव’ ही त्याची कामं. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन त्याला जागं ठेवतात. यात एक मजा आहे: ही रसायनं फार कमी झाली तरी तो भाग ढिला पडतो आणि फार वाढली तरी. भीतीनं ती भसकन वाढतात. म्हणजे छडी उगारल्यावर पोर गप्प होतं, पण दारं धरणारा खोरं टाकून पळालेला असतो. पाठांतर त्या क्षणी होत नाही ते त्यामुळं. (हेही माझं एक चित्रच, याची मला कल्पना आहे. पण या चित्रातून घरात काय करायचं ते तरी निघतं. ठिपक्यांतून फक्त गोळी निघायची.)

दुसरी एक गोष्ट मी पालकांना आवर्जून सांगते. २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांचे एमआरआय बघितले. मेंदूच्या वरच्या थराची जाडी वाढत जाऊन शिखर गाठते. इतर मुलांत ते सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास, या मुलांत साडेदहाच्या. वाढीचा क्रम तोच, फक्त तीन वर्षं मागं. आणि हालचालींचा भाग मात्र उलट किंचित आधी तयार झालेला. इंजिन आलंय, ब्रेक यायचाय. तेव्हा चौथीतल्या पोराकडून स्वतःचं दप्तर आवरण्याची अपेक्षा पहिलीतल्या पोराइतकी ठेवली तर घरातलं निम्मं भांडण मिटतं. पण हे गटाचं सरासरी चित्र आहे. तुमच्या एकट्या मुलाचा एमआरआय काढून यातलं काही कळणार नाही, तो मागू नका.

गोळीचं काय? १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी तपासणीनंतर होणाऱ्या डोकेदुखीवर मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखीला फारसा उपयोग झाला नाही, पण मुलं शाळेत अभ्यास करू लागली. पोरांनीच त्याला गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. इथंही औषध आधी, थिअरी मागून. पुढं कित्येक वर्षं डॉक्टर म्हणायचे, या गोळीनं पोर शांत झालं म्हणजे एडीएचडी पक्का. मग १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी त्याच जातीचं औषध कसलाही त्रास नसलेल्या मुलांना देऊन बघितलं, तर तीही कमी हलली आणि त्यांचंही लक्ष वाढलं. तेव्हा ‘गोळी देऊन बघू, फरक पडला तर आजार’ असं कुणी म्हणालं तर उठून या. वरातीची गोष्ट आठवा.

निदान होतं ते विचारपूस करून. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, सहा महिने तरी टिकलेली, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी. फक्त एका बाईंच्या तासाला पोर वळवळत असेल तर आधी त्या तासाकडं बघावं लागतं. त्रास खरोखर मोठा असेल, पोर रोज मार खात असेल, रस्त्यावर धावत सुटत असेल, तर मी मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमोक्सेटिन देते, बिनदिक्कत देते, आणि पुष्कळदा महिन्याभरात वहीतला फरक दिसतो. भूक मंदावते, झोप उशिरा लागते. वजन, उंची, नाडी, बीपी बघत राहावं लागतं. मिथाइलफेनिडेट नियंत्रित औषध आहे, प्रत्येक मेडिकलात मिळत नाही, म्हणून संपायच्या आधी सांगून ठेवायचं.

गोळी असो नसो, घरातलं काम चुकत नाही. अभ्यास दहा मिनिटांचा, मग उठून एक चक्कर, मग परत दहा. एका वेळी एकच सूचना, ती स्वयंपाकघरातून ओरडून नव्हे, जवळ जाऊन. शाबासकी तिथल्या तिथं. ‘वार्षिक परीक्षेत नंबर आला तर सायकल’ हे या पोराला पुढच्या जन्माइतकं लांब वाटतं. पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर. आजोबांना सांगा, तालमीत जरूर घाला. पहाटे उठणं, घाम गाळणं, वस्तादांनी सांगितलं की लगेच करणं आणि लगेच ‘शाब्बास’ ऐकणं, हे त्याला मानवणारं आहे. फक्त तेवढ्यानं पाढे येतील अशी पैज लावू नका. आणि लाडानं हा आजार होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. पेशंटच्या वडिलांना हे सांगितलं की निम्म्या वेळा ते खुर्चीतच पाय हलवत असतात आणि आई त्यांच्याकडं बघून हसते.

दोन्ही एकच का? नाही. रसायनांची नावं दोन्हीकडं येतात, कारण मेंदूकडं निरोप्ये मोजकेच आहेत आणि ते सगळ्या घरांत जातात. एडीएचडी लहानपणापासून असतो, नैराश्य येतं-जातं. पण एक वाट दोघांना जोडते: दहा-पंधरा वर्षं ‘आळशी, बेशिस्त, काही कामाचा नाही’ ऐकत मोठं झालेलं पोर पुढं खचतं. तुमच्या मेहुण्यांना लहानपणी शाळेत काय म्हणायचे, तेही एकदा विचारून बघा. त्यांनी कधी ‘आता जगून काय उपयोग’ असं काही म्हटलं तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

मुलाला कुणालाही दाखवा, सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा, माझ्याकडं आणा. येताना ती रंगीत फाइल नको, वह्या आणा. पहिलीपासूनच्या सापडल्या तर उत्तम. अक्षर कुठल्या ओळीपासून घसरतं ते मला बघायचं असतं, आणि मागच्या पानांवर त्यानं काय काढून ठेवलंय तेही.